कुत्रा भावाचा, साखळी सालदाराच्या हातात

पोस्ट लांब आहे. पण ज्यांनी मळ्यावर रॉटवायलर, पिटबुल असं काही बांधलंय, त्यांनी पूर्ण वाचा ही विनंती.

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. मळा गावापासून लांब. विहिरीतल्या पाणबुडी मोटरची केबल दोनदा चोरीला गेली तेव्हा भावाने रॉटवायलरचं पिल्लू आणलं. भाऊ राहतो जळगावला. पिल्लू आठ दिवस पोरांनी खेळवलं, मग मळ्यावर आलं आणि सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मळ्यात राहणाऱ्या मजुराच्या, झोपडीसमोर बांधलं गेलं. दीड वर्षात त्याचं पंचेचाळीस किलोचं धूड झालं. त्याला भाकर घालणारा, सोडणारा, बांधणारा सालदारच. भाऊ पंधरा दिवसांनी येणार, त्याच्यासोबत फोटो काढणार आणि जाणार.

गेल्या फेब्रुवारीत निंदणीला बाया आल्या होत्या. साखळीची कडी झिजलेली होती, ती तुटली. सालदाराची बायको ओरडली, "कुत्रा सुटी गया!" तोवर त्याने एका बाईची पोटरी धरली होती. सालदाराच्या बायकोनेच काठीने त्याचं तोंड सोडवलं. जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची असते हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. हळद दाबून बाईला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का? कार्ड जळगावला, भावाच्या कपाटात. शोधलं तर वर्षाची लस चुकलेली. जखमेत रेबीजविरोधी सिरम द्यायला जळगावला न्यावं लागलं, पुढे तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी इंजेक्शनं. रोजावर जगणाऱ्या बाईचा महिना गेला.

तिचा नवरा पोलीस ठाण्यात गेला. तिथे विचारलं गेलं, "कुत्रा कोणाच्या ताब्यात होता?" आणि आम्ही सगळे सालदाराकडे बघायला लागलो. मीसुद्धा. भाऊ फोनवर म्हणाला, "मी तर जळगावला होतो." सालदार मान खाली घालून उभा होता. तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही.

नंतर मी कायदा वाचला. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ : आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये एवढी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हेच कलम २८९ होतं, दंड हजाराचा. निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेलाच तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. २९१ मधला शब्द बघा : ताबा. कुत्र्याच्या जातीचं तिथे नाव नाही आणि कुत्रा कोणी विकत घेतला हेही विचारलेलं नाही. ज्याने तो कधी मागितला नाही, ज्याला ना म्हणायची सोय नव्हती, त्या सालदाराच्या गळ्यात आपण हे कलम बांधून मोकळे होतो.

भावाचं म्हणणं होतं, बंदी तर उठली ना? मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं होतं, रॉटवायलर, पिटबुल, मॅस्टिफ अशा तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि घरी असलेल्यांची नसबंदी करा म्हणून. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, संबंधितांचं ऐकून न घेता काढलं या कारणाने. खरं आहे. पण २९१ त्या पत्राच्या आधीही होतं (जुन्या आकड्याने) आणि आजही आहे. त्या दिवसांत घाबरून कुत्री लांब नेऊन सोडून देणारेही होते. पाळलेलं जनावर असं सोडणं, आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, दोन्ही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हे आहेत. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. एवढाच आहे म्हणून कोणी मनावर घेत नाही.

मला त्या कुत्र्याचीही दया येते. काळं अंग, मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर, आणि तो पत्र्याखाली चार हात साखळीवर. ना फिरवणं, ना कोणी शिकवलेलं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकून भुंकून तो तसा झाला. रखवालीला आमच्या आजोबांकडे गावठी कुत्रं होतं, ते माणसं ओळखायचं.

तक्रार शेवटी झाली नाही. दवाखाना आणि बुडालेला रोज भावाने भरून दिला, तोही मी दोनदा भांडल्यावर. मग जाळीचा बंदिस्त वाडा केला, वर शेडनेट, दाराला दोन कड्या. नसबंदी झाली. बाहेर काढायचा तर तोंडाला जाळी लावूनच. लसीचं कार्ड आता मळ्यावर असतं. आणि रविवारी भाऊ स्वतः येतो त्याला फिरवायला.

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं साल ठरलं तेव्हा मी भावाकडून कागदावर लिहून घेतलं : कुत्रा माझा, त्याचं खाणं, लस, दवाखाना माझा, त्याने कोणाला इजा केली तर जबाबदारी माझी. अशा कागदाने कलम बदलत नाही, हे मला कळतं. पण विचारणा झालीच तर त्या गरिबाच्या हातात काहीतरी असावं. सालदाराला वाचता येत नाही. त्याने दोनदा वाचून दाखवायला लावलं, अंगठा लावला, आणि म्हणाला, "भाऊ, माले बी एक कागद जोयजे."

झेरॉक्स काढून त्याच दिवशी दिली.