दिव्यांगांसाठी वेगळी वसाहत नको, आहे तेच गाव हवे

प्रत्येक जिल्ह्यात दिव्यांग व्यक्तींसाठी एक स्वतंत्र वसाहत उभारावी. तिथेच त्यांची शाळा, दवाखाना, उद्योग आणि निवास असावा. म्हणजे ते सुरक्षित राहतील, आपल्यासारख्यांच्या सहवासात सुखी होतील आणि गावोगावी, सोसायट्यांमध्ये रॅम्प व लिफ्टवर होणारा खर्चही वाचेल, अशा आशयाचे मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतात. ते पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात बहुधा कळवळाच असतो, हे मी मान्य करतो. माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे, ती आता चाळिशीत आहे, आणि असे मजकूर मला सर्वांत जास्त पाठवले आहेत ते आमच्या नात्यातल्या प्रेमळ माणसांनीच. त्यांना तोंडी उत्तर देताना दर वेळी काहीतरी सांगायचे राहून जाते, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन हे लिहीत आहे.

पहिला मुद्दा संख्येचा आणि खर्चाचा असतो: मूठभर लोकांसाठी अख्ख्या गावाने का बदलायचे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या साधारण २.६ टक्के. या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावात पन्नासेक माणसे होतात. त्या वेळी गणनेसाठी अपंगत्वाचे आठच गट धरले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने पुढे २१ प्रकार मान्य केले, तेव्हा खरा आकडा याहून मोठा असणार हे उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जगातील सुमारे १६ टक्के लोक लक्षणीय अपंगत्वासह जगत असल्याचे म्हटले आहे. शिवाय २०११ मध्येच राज्यातले जवळजवळ १० टक्के लोक साठीच्या पुढचे होते. गुडघे धरून ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढणाऱ्या आजी स्वतःला दिव्यांग म्हणवत नाहीत, पण पायरीशेजारी उतार असेल तर त्या उतारावरूनच जातात.

रॅम्पबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याच्याविषयीचे गैरसमज बहुतेक वाईट बांधकामातून आलेले आहेत. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान्य प्रमाण एकास बारा आहे: एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबीचा उतार. दीड फूट उंच ओट्याला अठरा फुटांचा उतार, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, वर पोहोचल्यावर खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा आणि खुर्ची सहज आत जाईल इतके रुंद दार, एवढे केले की काम झाले. गवंड्याचे हे काही दिवसांचे काम आहे. मी पाहिलेले कितीतरी रॅम्प मात्र जागा वाचवण्यासाठी सहा-सात फुटांतच संपवलेले आहेत. अशा चढावर मागून ढकलणाऱ्याची दमछाक होते, उतरताना खुर्ची हातातून सुटण्याची भीती असते, आणि काही दिवसांनी तिथे दुचाक्या उभ्या राहू लागतात. मग पुढच्या बैठकीत कोणीतरी सांगते की रॅम्प बांधला तरी कोणी वापरत नाही. हा निष्कर्ष त्या बांधकामाविषयी खरा आहे. गरजेविषयी तो काहीही सांगत नाही.

नव्या इमारतींच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच उरलेला नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि अशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. हे नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. उलट, वेगळ्या वसाहतीला जमीन लागते, इमारती लागतात आणि मुख्य म्हणजे दिवसरात्र राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार दर महिन्याला, कायमचे द्यावे लागतात. काटकसरीसाठी वसाहत सुचवणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला मला आजवर दिसलेला नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि भावाच्या नात्याने मला तो सर्वांत जास्त भिडतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. कुटुंबांनी त्यांना तिथे ठेवले होते, ते बरे होतील आणि त्यांची काळजी घेतली जाईल या आशेने. सगळ्याच निवासी संस्था अशा असतात असे मी मुळीच म्हणत नाही. निष्ठेने चालणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. परंतु जिथे बाहेरच्या माणसाची रोजची ये-जा नसते, तिथे आतल्या माणसाला तक्रार करायला तिसरी व्यक्ती मिळत नाही, आणि ज्याला बोलून सांगता येत नाही त्याच्यासाठी ही परिस्थिती सर्वांत धोक्याची असते.

माझी बहीण गेली वीस वर्षे रोज सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर जाते. दोन पावसाळ्यांपूर्वी रस्ता खोदलेला होता, म्हणून ती नेहमीच्या वळणाऐवजी सरळ पुढे गेली आणि एसटी स्थानकापाशी गोंधळून उभी राहिली. तिथल्या चहाच्या गाडीवाल्याने तिला ओळखले, बाकावर बसवले, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि आमच्या घरी फोन केला. त्याने कोणतेही प्रशिक्षण घेतलेले नव्हते. ती रोज दिसत आली होती, एवढेच त्याला पुरले. आम्ही तिला लहानपणीच दूर कुठे नेऊन ठेवले असते, तर आज या गावात तिला ओळखणारे कोणी उरले नसते.

आपल्यासारख्यांत राहण्याचे सुख, हा तिसरा मुद्दा. त्यात एका बाबतीत तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणारे सवंगडी मिळणे ही त्याची भाषिक गरज आहे. चांगल्या कर्णबधिर विद्यालयात पाऊल टाकताच त्या मुलांच्या हातांचा वेग आणि चेहऱ्यांवरचा आनंद दिसतो. पण तेच मूल सुटीत घरी येते तेव्हा खुणांच्या भाषेतले चार शब्दही कोणाला येत नाहीत. पाणी उद्या येणार नाही हे भोंग्यावरून सांगितले जाते आणि त्याला ते कळत नाही. हे दुःख दूर करायचे तर त्याच्या आईला, वर्गशिक्षिकेला, किराणा दुकानदाराला काही खुणा शिकवाव्या लागतील आणि गावाच्या सूचना लिहूनही द्याव्या लागतील. अंध, कर्णबधिर, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेली आणि माझ्या बहिणीसारखी माणसे एका आवारात आणली, तर त्यांच्यात समान असेल ते फक्त अपंगत्वाच्या टक्केवारीचे प्रमाणपत्र. कोणाच्या सहवासात राहायचे हे ज्याने त्याने निवडायचे असते, आणि अधिनियमाचे कलम ५ नेमके हेच सांगते: दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा अधिकार आहे आणि एखाद्या विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. शाळेच्या बाबतीतही कायद्याने परिसरातली नेहमीची शाळा की विशेष शाळा, ही निवड खुली ठेवली आहे.

आनंदवनाचे उदाहरण या मजकुरांत हमखास येते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तेव्हा कुष्ठरुग्णांना घराने आणि गावाने हाकलून दिलेले होते, आणि त्यांना परत घ्यायला कोणी तयार नव्हते. पुढे तिथे महाविद्यालय उभे राहिले, परिसरातली मुले शिकायला आली आणि ज्यांची सावलीही लोकांना नको होती त्यांच्या आवारात लोकांची वर्दळ सुरू झाली. त्या कामाची दिशा समाजाला आत आणण्याची होती. शिवाय काळही बदलला आहे: बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये कायद्यातून वगळले गेले. हाकललेल्यांना आसरा देणाऱ्या कामाचा दाखला देऊन, ज्यांना अजून कोणी हाकललेले नाही अशांना बाहेर पाठवण्याची सूचना केली जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते.

आता आईवडिलांनंतर कोण, हा प्रश्न. त्यावर कोणाला पटकन उत्तर देता येत असेल असे मला वाटत नाही. आमची आई रात्री दिवा मालवण्याआधी हाच प्रश्न विचारत असे. यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात एक वाट आहे: स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. आईवडील हयात असतानाच यासाठी अर्ज करता येतो, आणि तो तेव्हाच करावा. याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. पालक नेमला तरी रोजचा आधार लागतोच. तो दिवसा चालणाऱ्या केंद्रातून, घरी येणाऱ्या मदतनिसाकडून किंवा ओळखीच्याच गल्लीतल्या चार-पाच जणांच्या छोट्या सामूहिक घरातून मिळू शकतो. केरळमध्ये ग्रामपंचायती कुटुंबश्री या महिला बचतगटांच्या अभियानाच्या साहाय्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी बड्स शाळा चालवतात. मूल सकाळी जाते, संध्याकाळी आपल्या घरी परत येते. बेल्जियममधील गील या गावात तर मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेण्याची प्रथा मध्ययुगापासून चालत आली आहे. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम सांगतो की कुटुंब नाही, घर नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा: हे सगळे गावाने कशातून करायचे? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. आमच्या गावात ती अनेक वर्षे मार्चअखेरीस प्रत्येकाच्या खात्यावर थोडी थोडी वाटली गेली. ज्यांच्या घरी चूल कशीबशी पेटते त्यांना त्या रकमेचाही आधार होता, म्हणून मी तिला नावे ठेवत नाही. तरी तीन वर्षांपूर्वी आम्ही काही पालकांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या रकमेचा लेखी हिशेब मागितला आणि निम्मा भाग सोयींसाठी राखावा अशी विनंती केली. सुरुवातीला कुरबुर झाली, नंतर ठराव झाला. अंगणवाडीच्या दाराशी अठरा फुटांचा उतार तयार झाला आहे, सार्वजनिक शौचालयात धरायला दांडे बसले आहेत, आणि पाण्याची सूचना भोंग्याबरोबर आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लिहिली जाते. खुणांची भाषा शिकवायला कोणी अजून मिळालेले नाही. तो विषय येत्या २६ जानेवारीच्या सभेसाठी आम्ही पुन्हा लिहून दिला आहे.