स्टेन कार्लिंग एस्टोनियन नव्हते

स्टेन कार्लिंग यांना ‘लाकडी शिल्पांचे एस्टोनियन इतिहासकार’ म्हणणारा मजकूर सध्या फिरतोय. त्यातलं राष्ट्रीयत्व चुकलंय. कार्लिंग (१९०६–१९८७) स्वीडिश होते. १९३३ ते १९४१ या काळात ते एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात कलेतिहासाचे प्राध्यापक होते; पुढची कारकीर्द स्टॉकहोममध्ये.

मात्र एस्टोनियाशी त्यांचं नातं वरवरचं नव्हतं, हे ठासून सांगायला हवं. एस्टोनियाची राजधानी टालिनच्या डोम चर्चमध्ये शिल्पकार ख्रिस्तियान आकरमाननं कोरलेली १६९६ची भव्य लाकडी वेदी आहे, तिच्यावर पीटर आणि पॉल या ख्रिस्ती संतांच्या मूर्ती उभ्या आहेत. अशा कोरीवकामावरचा कार्लिंग यांचा १९४३चा जर्मन ग्रंथ अभ्यासकांना टाळताच येत नाही. एस्टोनियातल्या मध्ययुगीन लाकडी शिल्पांवरचं त्यांचं स्वीडिश पुस्तक १९४६चं, म्हणजे तेही एस्टोनिया सोडल्यानंतरचं.

मजकूर पुढे पाठवला असेल, तर ही दुरुस्तीही पाठवा.