तोंडाला पट्टी लावून घोरणं थांबत नाही

'लहान मुलांचं घोरणं : ऑपरेशनच्या जाळ्यात अडकू नका!' हा फॉरवर्ड ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिने भाच्याची कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट चक्क रद्द केली. पोरगं पाच वर्षांचं. रात्री मान मागे टाकून झोपतं, घामाने उशी भिजते. घोरता घोरता आवाज बंद पडतो, पोट मात्र वरखाली होत राहतं, आणि मग दचकून एक मोठा श्वास. मेसेज म्हणतो, 'ही गाढ झोपेची खूण.' गाढ झोपेत कुणी गुदमरत नसतं!

आता त्यातला अघोरी सल्ला. 'झोपताना तोंडाला टेप लावा, नाकाने श्वास घ्यायची सवय लागेल.' अहो, त्याचं तोंड सवयीने उघडं नाही. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असणारी अ‍ॅडेनॉइड नावाची गाठ वाढून वाट अडलीय, म्हणून ते उघडं आहे. उरलेली वाटही चिकटपट्टीने बुजवायची? रात्री उलटी झाली तर? ज्याने हे लिहिलं त्याने स्वतःचं नाक चिमटीत धरून, तोंड मिटून एक मिनिट बसून दाखवावं. नाकात मोहरीचं तेल सोडायचंही लिहिलंय. तेल फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, एवढं सांगून पुढे जातो.

'सात-आठ वर्षांचं झालं की आपोआप जातं.' हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2013 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या 5 ते 9 वयाच्या 464 मुलांचा अभ्यास आला. झोपेत श्वास अडणाऱ्या या मुलांपैकी निम्म्यांचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड लगेच काढले, बाकीच्यांना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी स्लीप स्टडी (झोपेतला श्वास रात्रभर मोजणारी तपासणी) नॉर्मल आली ती ऑपरेशनवाल्यांपैकी 79 टक्क्यांची, थांबलेल्यांपैकी 46 टक्क्यांची. एकाग्रतेच्या चाचणीत फारसा फरक पडला नाही, हेही त्यातच आहे. पण वागणूक, लक्षणं, रोजचं जगणं ऑपरेशनवाल्यांचं जास्त सुधारलं. म्हणजे सौम्य त्रासात डॉक्टरांच्या नजरेखाली थांबता येतं. मेसेजवाला मात्र डॉक्टरकडे जाऊच नका म्हणतो! आणि त्रास फार तीव्र असलेली मुलं या अभ्यासात घेतलीच नव्हती, त्यांना हा थांबण्याचा हिशोब लावू नका.

'टॉन्सिल गेले की प्रतिकारशक्ती संपली.' नाही संपत. शरीरात तसलं काम करणाऱ्या गाठी इतरत्रही आहेत. डेन्मार्कमधल्या नोंदींवरून 2018 साली लहानपणी टॉन्सिल काढलेल्यांत पुढे श्वसनाचे आजार जास्त दिसले, हे खरं. पण नोंदींतून कारण सिद्ध होत नाही. उगाच काढू नयेत, इतकाच त्याचा अर्थ.

'सगळा डॉक्टरांचा धंदा.' काही ठिकाणी असेलही. मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, स्लीप स्टडीबद्दल विचारा. ऑपरेशनला धोका नाही असं कोण म्हणतंय? दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यावर कोडीन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक तर मुलांना द्यायचंच नाही. त्याने काही मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्येच तसा इशारा दिलाय. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षरही नाही.

ताईने अपॉइंटमेंट पुन्हा घेतलीय. तोवर रात्रीचा व्हिडिओ काढून ठेव म्हटलंय, अंगातला शर्ट काढून, छाती-पोट दिसेल असा. दवाखान्यात पोरगं टक्क जागं असतं, डॉक्टरांना त्यातलं काहीच दिसत नाही.