आभाळ काय भरलंय का?

परवा नाशिकला दहाव्या मैलाजवळच्या एका लॉन्सवर मावसभावाचं लग्न होतं. वरात दारात आली, बँडवाल्यांनी जोर लावला आणि ऐन वेळी ड्रोनवाला पोरगा हात वर करून उभा. म्हणे अ‍ॅपवर लाल झोन दाखवतंय, एअरपोर्ट जवळ आहे, उडवता येणार नाही. झालं, नवरदेवाचे मामा तापले. "अरे शंभर फुटांवर न्यायचंय फक्त, एवढं मोठं आभाळ, काय भरलंय का ते?" सगळे हसले, मीपण हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण विमानं हवेत एकमेकांवर धडकल्याची बातमी आली की आपण सगळे हेच म्हणतो ना, एवढ्या मोकळ्या जागेत धडकतात तरी कशी?

तर मामा, एअरपोर्टजवळ आभाळ मोठं नसतंच. ते आपल्या द्वारका सर्कलसारखं असतं. कुठूनही या, शेवटी त्याच एका पट्टीवर उतरायचं आणि तिथूनच चढायचं. रनवेपासून दोन किलोमीटरवर उतरणारं विमान जेमतेम साडेतीनशे फुटांवर असतं, आता तुमचे शंभर फूट त्यात बसवून बघा. आणि आपलं ओझरचं एअरपोर्ट म्हणजे नुसतं प्रवासी विमानांचं नाही, एचएएल या लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची सुखोई तिथूनच उडतात, आता तेजसपण. इकडे नाशिकच्याच गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं, पलीकडे देवळालीला तोफांचा सराव (गोळापण आभाळातूनच जातो, हे आपण विसरतो).

१२ नोव्हेंबर १९९६ आठवतंय का कुणाला? हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून सौदीचं जंबो चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन उतरत होतं. एकाला १४ हजार फूट, दुसऱ्याला १५ हजार, मध्ये हजार फुटांचं अंतर, कागदावर सगळं व्यवस्थित. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं आणि ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांतलं एकपण वाचलं नाही. सगळा दोष कझाक पायलटवर टाकून मोकळं होता येतं, पण थोडं खोलात गेलं की अंगावर काटा येतो. तेव्हा दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता, कारण आजूबाजूचं बरंचसं आभाळ एअरफोर्सकडे. एटीसीच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट आणि उंची सांगणाऱ्यांच्या, रडारवर विमान कुठंय ते दिसायचं पण किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही, पायलट सांगेल ती उंची खरी धरायची. आणि त्या इल्युशिनमध्ये एटीसीशी बोलणारा जो रेडिओ ऑपरेटर होता त्याच्यासमोर उंचीचं मीटरच नव्हतं, पायलटच्या खांद्यावरून वाकून बघायचं! म्हणजे वाकायला दोन क्षण उशीर झाला की संपलं.

"पायलटला समोरचं दिसत नाही का?" हापण एक ठरलेला प्रश्न. नाही दिसत, आणि हे मला विमानात नाही, मखमलाबादच्या रस्त्यावर कळलं. मागच्या वर्षी गाडी चालवत होतो, दोन्हीकडे द्राक्षबागा, रस्ता मोकळा. उजवीकडच्या कच्च्या रस्त्याने एक ट्रॅक्टर येत होता आणि तो माझ्या काचेच्या बाजूच्या खांबाआड होता. गंमत अशी की मी पुढे जात होतो, तोपण पुढे येत होता, आणि म्हणून तो खांबाआडच राहिला, इंचभरपण सरकला नाही. बायको ओरडली तेव्हा ब्रेक मारला, द्राक्षाचे क्रेट दिसले ते एकदम बॉनेटसमोरच. नंतर वाचलं की धडकणाऱ्या विमानांचं अगदी हेच होतं. जे तुमच्यावर येणार असतं ते काचेवर एकाच जागी चिकटून राहतं, हलत नाही, नुसतं मोठं होत जातं, आणि आपला डोळा हलणारी वस्तू पटकन पकडतो, स्थिर ठिपका नाही. त्यात दोघं ताशी ४५० किलोमीटरने समोरासमोर असतील तर चार किलोमीटरचं अंतर सोळा सेकंदांत संपतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या (एफएए) हिशोबाने दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळण्यापर्यंतच साडेबारा सेकंद जातात. उरले किती?

तरी २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये रात्रीच्या अंधारात डोळ्यांवरच भरवसा ठेवला गेला. आर्मीच्या हेलिकॉप्टरला विचारलं, उतरणारं विमान दिसतंय का, ते म्हणाले दिसतंय, आणि त्यालाच जाऊन धडकले. ६७ जण गेले. त्या मार्गावर हेलिकॉप्टरला २०० फुटांची मर्यादा होती, धडक त्याच्या वर झाली. पण मला विचाराल तर लँडिंगच्या वाटेखालून हेलिकॉप्टरचा रस्ता काढायचा आणि मध्ये थोड्याशा फुटांचं अंतर ठेवून "बघून जा" म्हणायचं, चूक तिथेच झाली.

यावर मशीन आहे, टीकॅस. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात बोलून ठरवतात, तू वर जा, मी खाली जातो, आणि कॉकपिटमध्ये "क्लाइम्ब, क्लाइम्ब" असा आवाज येतो. भारी आहे. पण जर्मनीत युबरलिंगनला १ जुलै २००२ ला मशीन म्हणालं वर जा, एटीसीवाला म्हणाला खाली जा, आणि रशियन विमानाने माणसाचं ऐकलं. ७१ मृत्यू, त्यात बरीचशी शाळकरी मुलं. तो एटीसीवाला त्या रात्री एकटा दोन स्क्रीन सांभाळत होता हो, त्याला तरी काय बोलणार. आता नियम पक्का आहे, मशीन बोललं की मशीनचंच ऐकायचं. पण जमिनीजवळ, साधारण हजार फुटांखाली, हे मशीन वर-खाली जायला सांगतच नाही, आणि ज्याच्यात ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देऊन आपली ओळख-उंची कळवणारं यंत्र) नाही ते त्याला दिसतच नाही. लग्नातल्या ड्रोनमध्ये कुठला आलाय ट्रान्सपाँडर?

म्हणून मला तो पोरगा बरोबर वाटला. २०२१ च्या नियमांत एअरपोर्टच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातपण २०० फुटांचीच मोकळीक आहे, त्याच्या आत परवानगी लागते. २०२७ ला कुंभमेळा आहे, तेव्हा व्हीआयपी हेलिकॉप्टरं, जादा विमानं आणि प्रत्येक रीलवाल्याकडे ड्रोन, सगळं एकाच वेळी वर असणार. कुणी कुठून जायचं ते आत्ताच आखून ठेवा राव, पर्वणीच्या दिवशी बघू म्हणून चालणार नाही.

लग्नाचं म्हणाल तर पोरगा शेवटी मंडपवाल्याची शिडी घेऊन लॉन्सच्या पाण्याच्या टाकीवर चढला आणि तिथून शूट केलं. व्हिडिओ काल आला. वरात मस्त आलीय, फक्त मध्यभागी सगळ्यात जास्त चमकतंय ते मामांचं टक्कल.