सेन्सेईंनी सुया परत ठेवल्या

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालायला हात वर जाईना, रात्री त्या कुशीवर वळलं की कळ येऊन झोप उडायची. जपानी लोक या दुखण्याला ‘गोजूकाता’ म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा. तोक्योत येऊन मला एकोणीस वर्षं झाली, आणि पन्नाशी लागली त्याच वर्षी हे मागे लागलं.

शेजारच्या आजी मला त्यांच्या ‘हारी’च्या, म्हणजे ॲक्युपंक्चरच्या, दवाखान्यात घेऊन गेल्या. स्टेशनमागच्या गल्लीत दोन खाटांची खोली. तिथले सेन्सेई, म्हणजे गुरुजी, साठीच्या पुढचे, लहानपणापासून दृष्टी अधू, दाराशी पांढरी काठी टेकवलेली. त्यांनी बोटांनी खांदा चाचपला. हात कुठवर वर जातो, वजन उतरलंय का, हाताला मुंग्या येतात का, एकेक विचारत गेले. करंगळीला येतात म्हटल्यावर त्यांनी काढून ठेवलेली सुयांची पाकिटं न फोडता पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. “आधी हाडांच्या डॉक्टरांकडून मान तपासून या. तोवर मी सुई लावणार नाही.” त्या दिवसाचे पैसेही घेतले नाहीत.

त्यांनी परत ठेवलेल्या त्या सुया माझ्या मनातून जात नाहीत. त्याला आमचं घर कारण आहे.

माझा दादा बीएएमएस. आजऱ्याजवळच्या एका गावात पंचवीस वर्षं दवाखाना चालवतो. बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, कोल्हापुरात ऑर्थोपेडिक सर्जन. २०२० मध्ये आयुर्वेदात शल्य-शालाक्याचं, म्हणजे शस्त्रक्रियेचं आणि डोळे-कान-नाक-घशाचं, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, तेव्हा या दोघांचं बोलणं कित्येक महिने बंद होतं. २०२५ मध्ये पुन्हा ठिणगी पडली. फार्माकॉलॉजीचा, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा, एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद करायची ठरली आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. भाऊजी म्हणाले, ही खिचडी पेशंटच्या जिवावर बेतणार. दादा म्हणाला, रात्री दोनला साप चावलेला माणूस माझ्या दारात येतो, तेव्हा तुमचा एमडी कुठे असतो? दोघांचंही खरं आहे. पण दोघेही भांडतात ते कुणाला काय करता आलं पाहिजे यावर. कुणी कुठे थांबायचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं, यावर आमच्याकडे कुणी आवाज चढवत नाही.

ॲक्युपंक्चरच्या बाबतीत महाराष्ट्र खरं तर देशाच्या पुढे आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत डॉ. बिजयकुमार बसू होते. त्यांनीच पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून ती कोलकात्यात रुजवली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा केला, २०१९ मध्ये केंद्रानेही तिला मान्यता दिली. तरी त्यानंतरच एका शिबिरात कानात सुया लावणाऱ्या माणसाने माझ्या मामाला सांगितलं, “आता शुगरच्या गोळ्यांची गरज नाही.” मामाने गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. तो माणूस नोंदणीकृत होता की नाही, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. तसं काही विचारायचं असतं, हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

जपानमध्ये १९४७ चा कायदा आहे. सुया लावणाऱ्याने शस्त्रक्रिया करायची नाही, औषध द्यायचं नाही, घ्यायला सांगायचंही नाही. हारीचा परवाना वेगळा, ‘क्यू’चा म्हणजे शेक देण्याचा वेगळा. किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि त्यावर राष्ट्रीय परीक्षा. जाहिरातीत नाव, पत्ता, फोन, वेळ, उपचाराचा प्रकार असा जुजबी मजकूर चालतो, अमुक रोग बरा करतो असं लिहायला बंदी. ‘मधुमेह मुळापासून बरा’ ही आपल्याकडे एसटी स्टँडवर दिसणारी पाटी इथल्या सुईवाल्याला लावता येत नाही. सगळं आलबेल आहे असंही नाही. ‘सेइताई’ नावाने अंग रगडून देणारी दुकानं इथे गल्लोगल्ली आहेत, त्यांना कसलाच परवाना लागत नाही.

माझ्या मानेत काही निघालं नाही. करंगळीच्या मुंग्या कोपराशी दबलेल्या नसेच्या होत्या. डॉक्टरांनी संमतीपत्र लिहून दिलं. इथला आरोग्य विमा हारी-क्यूसाठी मोजकीच सहा दुखणी धरतो, त्यात गोजूकाता आहे, पण डॉक्टरांचं पत्र लागतंच. सेन्सेईंनी ते भिंगाच्या यंत्राखाली धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग हात धुतले. सुई केसासारखी. ती बारीक नळीत घालून नळी त्वचेवर टेकवायची आणि वर आलेल्या टोकावर बोटाने टिचकी मारायची, की ती आत गेलेली कळतही नाही. ही नळीची रीत सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या अंध वैद्याची मानतात. अंधांच्या शाळांत ही विद्या आजही शिकवतात, सेन्सेई तिथेच शिकले. मग त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढी मोगुसाची गोळी खांद्यावर ठेवून पेटवली. मोगुसा म्हणजे ‘योमोगी’च्या पानांची लव, आणि योमोगी आपल्या दवण्याच्या कुळातली. तो धूर नाकात गेला आणि मला चैत्रातला जोतिबाचा डोंगर आठवून रडू आलं.

चार महिन्यांनी वेणी घालता येऊ लागली. श्रेय सुईला देऊ की काळाला? आखडलेला खांदा बऱ्याचदा आपला आपणही सुटतो. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००७ मध्ये आला. खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना आराम पडला, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. म्हणजे बिंदू नेमका साधण्याचं महत्त्व फारसं दिसलं नाही, तरी दुखणं हलकं झालं. दुखण्यासाठी मी पुन्हा सेन्सेईंकडे जाईन. शुगरसाठी कधीच जाणार नाही, आणि तेही मला घेणार नाहीत.

भाऊजींना जपानचं उदाहरण फार आवडतं. इथे मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, डॉक्टरकीचा परवाना एकच, आधुनिक वैद्यकाचा. १९७६ पासून कांपोची, म्हणजे जपानच्या पारंपरिक वैद्यकाची, काढ्यांवरून बनवलेली औषधं मोठ्या प्रमाणावर विम्यात आली, तीही हेच डॉक्टर लिहून देतात. पण त्यापायी कांपोच्या वैद्यांचा स्वतंत्र पेशा संपला. दादाच्या विद्येचं तसं व्हावं असं मला वाटत नाही. शिवाय इथे १९६१ पासून प्रत्येकाला विमा आहे, “आधी डॉक्टरकडे जाऊन या” असं सेन्सेई सहज म्हणू शकतात. आजऱ्याच्या डोंगरातल्या म्हातारीला दादा तसं म्हणाला, तर तिने जायचं कशाने?

हे सगळं मी गेल्या महिन्यात दादाला फोनवर सांगितलं. डॉक्टरांचं पत्र, सेन्सेईंनी डॉक्टरांना उलट पाठवलेला अहवाल, सगळं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “छातीत दुखणारा पेशंट मी एक मिनिट ठेवून घेत नाही गं. चिठ्ठी लिहून देतो. बीपी किती, कधीपासून दुखतंय, मी काय दिलं. पेशंट परत येऊन सांगतो, तिथे कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही, वैद्याची चिठ्ठी म्हणून बाजूला टाकली.”

भाऊजींना मी हे जसंच्या तसं कळवलं. दादा चिठ्ठ्या अजून लिहितो. खाली कार्बन घालतो, आणि प्रत टेबलाच्या डाव्या खणात जपून ठेवतो.