पानठेल्यावरचे सेनापती

रोज संध्याकाळी पानठेल्यावर तेच! मोबाईलवर युद्धाविरुद्धचा मोर्चा दिसला, की खर्रा घोटता घोटता निकाल तयार: "यायले कामधंदे नाहीत. रस्ता काहून अडवते बे?" युद्ध बरोबर की चूक, त्यावर चकार शब्द नाही! बरं, रस्ता न अडवता नुसतं बोललेलं तरी चालतं का? पवनार इथून हाकेच्या अंतरावर. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी तिथं युद्धाविरुद्ध भाषणच केलं होतं. चार दिवसांत अटक. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्ध नको म्हणून जगभर लाखो लोक चालले, मार्चात बॉम्ब पडलेच. मग करावं तरी कसं, बाप्पा? विचारलं तर म्हणे, "निवेदन द्या ना!" अन् हेच लेकाचे सोयाबीनच्या भावासाठी हायवेवर बैलबंड्या आडव्या लावून बसले होते. मीही होतो म्हणा.