विस्बीच्या तटाआड माणसं राहतात

२०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा ठरले, पण त्याआधीच पन्हाळ्यावरच्या रहिवाशांना घोर लागला होता. घर दुरुस्त करू देतील का, दुकान उठवतील का? गडप्रेमींनी हा घोर झटकून टाकू नये. राहत्या गावाचा वारसा कसा सांभाळतात, ते इथे स्वीडनमध्ये, गॉटलंड बेटावरच्या विस्बीत पाहता येतं.

विस्बी ही बाल्टिक व्यापाराची जुनी पेठ. भोवती साडेतीन किलोमीटरचा, १३व्या शतकातला चुनखडीचा तट. १९९५पासून जागतिक वारसा, तरी आत दोन हजारांहून जास्त माणसं नांदतात. फिस्कारग्रेंड गल्लीत घराघराच्या भिंतीला गुलाब चढलेले असतात. घराचा बाहेरचा रंग बदलायलाही परवानगी लागते. हा जाच आहेच. पण काय चालेल, काय नाही, हे आधीच लिहिलेलं असतं.

नियम असूनही २०१२च्या फेब्रुवारीत तटाचा सुमारे १० मीटरचा भाग ढासळला. असा तट दुपदरी असतो: दोन्ही अंगांना रचलेला दगड, पोटात दगडगोटे आणि चुन्याचा भराव. पाणी मुरलं की चुना झिजतो, भराव खाली बसतो आणि बाहेरच्या पदराला पोट सुटतं. वरून सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्या तर पाणी आतच कोंडतं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. सह्याद्रीत बर्फ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आणि पिंपळाची मुळं तेच काम करतात.

म्हणून दरजेला चुनाच हवा. साधारण एक भाग विरवलेला चुना, तीन भाग वाळू; नंतर काही दिवस ओलं गोणपाट. ५ अंशांखाली हे काम धरतच नाहीत, त्यामुळे इथे ते उन्हाळ्यातच उरकावं लागतं. फुगवटा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडल्यावर कळतो. लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर दगड सुटलेला.

पाहायला यायचं तर स्टॉकहोमजवळच्या नीनेसहाम्नहून बोटीने सव्वातीन तास. ऑगस्टमधला ‘मध्ययुगीन सप्ताह’ हा उत्सव गर्दीचा. तट नीट न्याहाळायला मे किंवा सप्टेंबर बरा. आधी उत्तर वेशीबाहेरच्या खंदकातून चाला.

पन्हाळ्याला आधी दोन गोष्टी मिळाव्यात: घरदुरुस्तीचे नियम सोप्या मराठीत, नगरपरिषदेच्या फलकावर, आणि घाण्यात चुना मळता येणारे गवंडी, गडावरच्याच पोरांतून तयार केलेले.